भारत–जपान मैत्री आणि ठाणे परिसरातील लोकमत : एक विवेचन

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या कल्याण–कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद या स्थानकांच्या दरम्यान खडवली हे भातसा नदीकाठचे गाव आहे. २९ ऑगस्ट २०१७ रोजी पहाटेच्या पावसात याच मार्गावर, वासिंद आणि आसनगावच्या दरम्यान दरड कोसळून नागपूर–मुंबई दुरांतो एक्स्प्रेसचे इंजिन व डबे घसरले आणि कसाऱ्याकडील लोकल वाहतूक कोलमडली. त्यानंतर सोळा दिवसांनी, १४ सप्टेंबर २०१७ रोजी, अहमदाबाद येथे भारत व जपानच्या पंतप्रधानांनी मुंबई–अहमदाबाद अतिजलद रेल्वेची पायाभरणी केली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला मुंबईतील एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ प्रवासी मृत्युमुखी पडले.

या तीन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. परंतु लोकमताच्या दृष्टीने त्या महिन्याभरात एकमेकींत मिसळून गेल्या. दोन राष्ट्रांनी अधिक निकट यावे काय, हा परराष्ट्र धोरणाचा प्रश्न आणि सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा मिळेल काय, हा प्रश्न ठाणे परिसरातील रहिवाशापुढे एकाच वेळी उभा राहिला. प्रस्तुत लेखात भारत–जपान संबंधांविषयीचे या परिसरातील व एकूण मराठी मुलखातील लोकमत कसे घडले, ते कोठे दुभंगते आणि का दुभंगते, याचा विचार केला आहे.

लोकमताची संकल्पना

परराष्ट्र धोरण आणि लोकमत यांविषयीच्या अभ्यासात वॉल्टर लिपमन (१९२२) आणि गॅब्रिएल आमंड (१९५०) यांची नावे प्रथम घ्यावी लागतात. सर्वसामान्य नागरिकाला दूरदेशीच्या घडामोडींचे प्रत्यक्ष ज्ञान नसते, त्याच्या मनात त्या देशाचे एक चित्र असते आणि तो त्या चित्राला प्रतिसाद देतो, असे लिपमन यांचे म्हणणे होते. आमंड यांच्या मते परराष्ट्र व्यवहाराविषयीची बहुसंख्यांची भूमिका हे विचारपूर्वक बनविलेले मत नसून ती एक मनःस्थिती असते. लक्ष ठेवणारा वर्ग छोटाच असतो. भारतातील सर्वेक्षणांच्या आधारे देवेश कपूर यांनी २००९ मध्ये केलेल्या मांडणीतही परराष्ट्र धोरणावरील प्रश्नांना ‘माहीत नाही’ असे उत्तर देणाऱ्यांचे प्रमाण, विशेषतः ग्रामीण व अल्पशिक्षित वर्गात, लक्षणीय असल्याचे दिसते.

हे विवेचन उपयुक्त असले तरी त्यात एक गृहीतक दडलेले आहे. परराष्ट्र संबंध हा दूरचा विषय आहे, हे ते गृहीतक होय. जेव्हा परराष्ट्र संबंध सात-बाराच्या उताऱ्यावर येऊन ठेपतो, तेव्हा ‘माहीत नाही’ म्हणणारा माणूस अचानक सर्वांत अधिक माहितगार ठरतो. मुंबई–अहमदाबाद मार्गाच्या बाबतीत नेमके हेच घडले. तथापि मराठी मुलखाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते असे मात्र नाही.

कापूस, कापड आणि दोन मते

आधुनिक काळात महाराष्ट्राचा जपानशी पहिला मोठा संबंध कापसाच्या गाठींच्या रूपाने आला. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा यांनी निप्पॉन यूसेन काईशा या जपानी जहाज कंपनीशी हातमिळवणी करून मुंबई–कोबे असा जलमार्ग सुरू केला. पी. अँड ओ. या ब्रिटिश कंपनीची जहाजवाहतुकीवरील मक्तेदारी मोडणे हा त्यामागील उद्देश होता. पुढे रशिया–जपान युद्धात (१९०४–०५) जपानने विजय मिळविला, तेव्हा एका आशियाई राष्ट्राने युरोपीय सत्तेला नमविले याचा आनंद लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’ने आणि एकूणच राष्ट्रीय विचाराच्या मराठी वृत्तपत्रांनी मोकळेपणाने व्यक्त केला. वाचणाऱ्या मराठी माणसाच्या मनातील जपानचे चित्र त्या काळात घडले. उद्योगी, शिस्तबद्ध आणि पश्चिमेला तोडीस तोड उत्तर देणारा देश, असे ते चित्र होते.

तीस वर्षांच्या आतच या चित्राची कसोटी लागली. १९३० नंतर स्वस्त जपानी कापडाने भारतीय बाजारपेठ व्यापली आणि मुंबईच्या गिरण्या अडचणीत आल्या. १९३३ मध्ये ब्रिटिशेतर कापडावरील आयात शुल्क ७५ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आले. प्रत्युत्तरादाखल जपानी गिरण्यांनी भारतीय कापसाच्या खरेदीवर बहिष्कार घातला. अखेर १९३४ च्या आरंभी झालेल्या समझोत्यात जपानी कापडाची आयात आणि भारतीय कापसाची निर्यात यांची परस्परांशी सांगड घालण्यात आली.

या प्रसंगाकडे अभ्यासकांचे लक्ष बहुधा शुल्कनीती म्हणून जाते. लोकमताच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. जपानी कापड अडवावे, ही मुंबईतील गिरणी उद्योगाची निकड होती. तर जपानी ग्राहक टिकावा, ही कापूस पिकविणाऱ्याची. दोघेही स्वतःला देशहिताच्या बाजूचे मानू शकत होते आणि दोघांचेही म्हणणे खरे होते. जपान चांगला की वाईट, असा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला असता तर मुंबईच्या गिरणीत आणि वऱ्हाडातील कापूस बाजारात दोन निरनिराळी उत्तरे मिळाली असती. ती उत्तरे जपानबद्दल फारसे काही सांगणारी नसती. उत्तर देणारा व्यवहाराच्या कोणत्या टोकाला उभा आहे, एवढेच त्यांतून कळले असते.

हत्तीपासून कर्जापर्यंत

दुसऱ्या महायुद्धानंतर ही दुफळी मागे पडली. टोकियो येथील लष्करी न्यायाधिकरणात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी १९४८ मध्ये दिलेला भिन्नमतीय निर्णय आणि जपानी मुलांच्या विनंतीवरून पंडित नेहरूंनी १९४९ मध्ये टोकियोच्या उएनो प्राणिसंग्रहालयास पाठविलेली ‘इंदिरा’ ही हत्तीण, या दोन गोष्टींनी जपानी जनमानसात भारताला स्थान मिळवून दिले. १९५१ च्या सान फ्रान्सिस्को परिषदेपासून भारत दूर राहिला व ९ जून १९५२ रोजी त्याने जपानशी स्वतंत्र शांतता करार करून युद्धभरपाईचा हक्क सोडून दिला. १९५८ मध्ये जपानने येन चलनातील पहिले विकासकर्ज दिले ते भारताला.

महाराष्ट्रात या सद्भावनेला आणखी एक धागा होता, तो बौद्ध धम्माचा. निचिदात्सु फुजी यांचे वर्धा येथे गांधीजींशी आलेले संबंध, मुंबईत वरळी येथे उभे असलेले जपानी बौद्ध मंदिर, नागपूर ही कर्मभूमी मानणारे भदंत सुरई ससाई, कामठीचे ड्रॅगन पॅलेस आणि २०१५ मध्ये जपानच्या कोयासान विद्यापीठात उभारलेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा ही त्याची ठळक उदाहरणे होत. परराष्ट्र मंत्रालयाच्या कागदपत्रांत या धाग्याला क्वचितच जागा मिळते, परंतु आंबेडकरी वस्त्यांतून जपानविषयी जो जिव्हाळा आढळतो त्याचे मूळ येथेच आहे. मध्यमवर्गाच्या मनात जपान शिरला तो वस्तूंच्या वाटेने. १९८३ च्या डिसेंबरात मारुती मोटार रस्त्यावर आली आणि जपानी यंत्र म्हणजे न बिघडणारे यंत्र, अशी खूणगाठ बांधली गेली.

राजनैतिक पातळीवर १९९८ च्या पोखरण अणुचाचण्यांनंतर काही काळ कटुता आली. जपानने नवी मदत रोखली. २००० मध्ये पंतप्रधान मोरी यांच्या भेटीने ती ओसरू लागली. २००६ मध्ये सामरिक व जागतिक भागीदारी, २०११ मध्ये सर्वंकष आर्थिक भागीदारी करार, २०१४ मध्ये ‘विशेष’ हे विशेषण आणि १२ डिसेंबर २०१५ रोजी अतिजलद रेल्वेचा सामंजस्य करार, अशा पायऱ्यांनी संबंध वर चढत गेले.

नोव्हेंबर २०१६ मधील नागरी अणुसहकार्य कराराविषयी दोन्ही देशांतील लोकमत एका विचित्र ठिकाणी येऊन भेटले. हिरोशिमा व नागासाकीच्या महापौरांनी अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही न केलेल्या देशाशी असा करार करण्याबाबत आक्षेप नोंदविला होता. इकडे रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरच्या विरोधकांना मार्च २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेने सर्वांत मोठा युक्तिवाद पुरविला होता. जैतापूरच्या नियोजित अणुभट्ट्या फ्रेंच. परंतु त्यांचे अवजड सुटे भाग जपानी कारखान्यात घडविले जाणार असल्यामुळे जपानशी करार आवश्यक होता. जपानविषयी सहानुभूती आणि जपानशी होणाऱ्या कराराला विरोध, या दोन्ही गोष्टी कोकणातील एकाच माणसाच्या मनात विनासायास नांदू शकल्या.

मार्गावरील, मार्गालगतची आणि मार्गापासून दूरची गावे

मुंबई–अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरचा असून त्यातील सुमारे १५६ किलोमीटर महाराष्ट्रात आहेत. मुंबई, ठाणे, विरार व बोईसर ही राज्यातील चार स्थानके. प्रारंभी सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये अंदाजिलेल्या या खर्चापैकी ८१ टक्के रक्कम जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या कर्जातून यावयाची होती. व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे आणि पहिली १५ वर्षे परतफेड नाही, अशा या कर्जाच्या अटी होत्या. महाराष्ट्र व गुजरात या राज्यांचा वाटा प्रत्येकी ५ हजार कोटींचा. कागदावर इतके सौम्य कर्ज क्वचितच मिळते, हे मान्य करावयास हवे. येनच्या विनिमय दराची जोखीम पन्नास वर्षे ऋणकोने वाहावयाची आहे, हेही त्याच कागदावर वाचावयास हवे.

या प्रकल्पाविषयीच्या लोकमताचे ठाणे व पालघर पट्ट्यात भूगोलानुसार तीन थर दिसतात. पहिला थर प्रत्यक्ष मार्गावरील गावांचा. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्यानुसार भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय बंधनकारक आहे. २०१८ मध्ये तलासरी, डहाणू, पालघर भागातील अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, मोजणी अडविली गेली, मोर्चे निघाले. चिकूच्या बागा, भातशेती आणि वारली पाडे यांच्या भवितव्याची चिंता त्यामागे होती. या ठरावांचा रोख भूसंपादनावर, मोबदल्यावर आणि आपणास न विचारण्यावर होता. जपानशी मैत्री असावी की नसावी, हा त्यांचा विषय नव्हता. पुढे थेट खरेदी व वाढीव मोबदला यांमुळे विरोधाची धार कमी होत गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये संपूर्ण मार्गाचे भूसंपादन पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. विरोध मावळला म्हणजे मत बदलले, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही. मोबदला स्वीकारणे हा व्यवहार आहे, अभिप्राय नव्हे.

दुसरा थर नागरी संस्था व राजकीय पक्षांचा. येथे मत फार लवकर हलते. २०१७ च्या चेंगराचेंगरीनंतर राज ठाकरे यांनी उपनगरी रेल्वे सुधारल्याखेरीज मुंबईत अतिजलद रेल्वेची वीटही रचू देणार नाही, अशी भूमिका घेतली. २०१९ च्या अखेरीस सत्तेवर आलेल्या सरकारने प्रकल्पाच्या आढाव्याची घोषणा केली आणि तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये त्याला ‘पांढरा हत्ती’ संबोधले. (१९४९ च्या हत्तिणीची आठवण त्या वेळी कोणाला झाल्याचे दिसत नाही.) डिसेंबर २०२० मध्ये ठाणे महानगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेने शीळ येथील जागा देण्याचा प्रस्ताव फेटाळला. त्याच सुमारास कांजूरमार्गच्या मेट्रो कारशेडवरून केंद्र व राज्य यांच्यात वाद पेटला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या ठरावाचा अर्थ टोकियोकडे पाहून नव्हे तर दिल्लीकडे पाहून लावावा लागतो. जून २०२२ मधील सत्तांतरानंतर राज्याकडील परवानग्या वेगाने मिळाल्या. ठाण्यातील नागरिकांचे जपानविषयीचे मत या दोन वर्षांत मुळातून पालटले, असे कोणी म्हणणार नाही.

तिसरा थर खडवलीसारख्या गावांचा. येथील जमीन या मार्गासाठी जात नाही आणि येथे ती गाडी थांबणारही नाही. कल्याणच्या पलीकडे कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलची संख्या मुळात मर्यादित, जादा मार्गिकांचे काम वर्षानुवर्षे चाललेले. ९ जून २०२५ रोजी दिवा व मुंब्रा या स्थानकांच्या दरम्यान शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांवर घासून रुळांवर पडले व त्यांतील काहींचा मृत्यू झाला. या जागेपासून शिळफाटा काही किलोमीटरवर आहे. वांद्रे–कुर्ला संकुलापासून शिळफाट्यापर्यंतचा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातील सात किलोमीटर ठाणे खाडीखालून, अतिजलद रेल्वेसाठी खोदला जात असून घणसोली–शिळफाटा भागातील त्याचा पहिला टप्पा २०२५ मध्येच आरपार झाला. ही तुलना न्याय्य नाही, दोन्ही कामांचे निधी वेगळे आहेत आणि एक थांबविल्याने दुसरे होणार नाही, असा प्रतिवाद केला जातो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो बव्हंशी बरोबर आहे. परंतु दारात लटकणारा प्रवासी निधीच्या शीर्षांची तुलना करीत नसतो. राज्यसंस्थेचे लक्ष कोणत्या बाजूला आहे याची तुलना तो करीत असतो, आणि ती करण्याचा त्याचा अधिकार नाकारता येत नाही.

या थराला आणखी एक स्थानिक पार्श्वभूमी आहे. भातसा, तानसा, वैतरणा यांचे पाणी मुंबईला जाते आणि शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. जे आपल्या दारावरून जाते ते आपल्यासाठी नसते, हा या खोऱ्याचा जुना अनुभव आहे. नव्या प्रकल्पाविषयीचे मत त्या अनुभवाच्या आधाराने बनते. त्यात जपानचा वाटा शून्य आहे.

न दिसणारी मैत्री

येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. जपानी कर्जातून उभे राहिलेले वा राहात असलेले प्रकल्प या परिसरात अनेक आहेत. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला शिवडी–न्हावाशेवा सागरी सेतू, मुंबईची भुयारी मेट्रो तीन आणि भिवंडी तालुक्यातून जाणारा पश्चिम समर्पित मालवाहतूक मार्ग हे सर्व त्याच संस्थेच्या कर्जावर उभे आहेत. परंतु सागरी सेतूवरून जाणारा मोटारचालक ‘जपान’ हा शब्द उच्चारीत नाही. अतिजलद रेल्वेच्या बाबतीत मात्र आरंभापासून दोन पंतप्रधानांची छायाचित्रे, जपानी गाडीचे चित्र आणि जपानी तंत्रज्ञानाचा उल्लेख लोकांसमोर ठेवला गेला. मैत्रीचे प्रतीक म्हणून एखादा प्रकल्प निवडला की त्या प्रकल्पावरील रागही मैत्रीच्या खात्यावर जमा होऊ शकतो, ही जोखीम ज्यांनी प्रतीक निवडले त्यांनी फारशी विचारात घेतलेली दिसत नाही. तरीही तो राग तेथे जमा झाला नाही, ही मराठी लोकमताची परिपक्वता म्हणावी लागेल. जपानी वकिलातीसमोरील निदर्शने वा जपानी मालावरील बहिष्कार हे या आंदोलनाचे स्वरूप कधीच नव्हते.

उलट या मैत्रीने विरोधकाला एक साधनही दिले होते. जपानी संस्थेच्या २०१० च्या पर्यावरणीय व सामाजिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार बाधित लोकांशी अर्थपूर्ण विचारविनिमय आवश्यक आहे आणि तत्त्वांचे पालन होत नसल्यास आक्षेप नोंदविण्याची कार्यपद्धतीही आहे. गुजरातमधील शेतकऱ्यांनी २०१८ मध्ये या संस्थेकडे आपले म्हणणे मांडले व उच्च न्यायालयातही ते नेले. सप्टेंबर २०१९ मध्ये त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. त्यांना यश आले नाही, तरी परराष्ट्र संबंध हा केवळ दोन सरकारांमधील संवाद नसून त्यात बाधित शेतकऱ्याला धनकोच्या दारी जाण्याची वाट असू शकते, हे त्यातून दिसून आले. या वाटेचा उल्लेख आपल्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत कोठेही आढळत नाही, ही खेदाची बाब आहे. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या तासाला आपण संयुक्त राष्ट्रांची रचना तपशीलवार शिकवितो. आपल्याच तालुक्यातून जाणाऱ्या मार्गाच्या कर्जकरारातील लोकसहभागाची अट शिकवीत नाही.

सर्वेक्षणातील प्रश्नाची रचना

जपानचे परराष्ट्र मंत्रालय वेळोवेळी भारतात मतचाचण्या घडवून आणते. त्यांत जपानविषयी अनुकूल मत बहुसंख्येने व्यक्त होते व त्याचा अर्थ निकट संबंधांना पाठिंबा असा लावला जातो. वरील विवेचन पाहता या अनुमानात एक पायरी गाळली गेली आहे. ‘जपान हा मित्र आहे काय’ या प्रश्नाला तलासरीचा बागायतदार, ठाण्याचा नगरसेवक आणि खडवलीचा प्रवासी ‘होय’ असेच उत्तर देऊ शकतात. या उत्तरातून १९०५ चे कौतुक, धम्माचा जिव्हाळा आणि मारुतीचा अनुभव व्यक्त होतो. कराराचा अभिप्राय त्यात नसतो.

महाविद्यालयांच्या राज्यशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी असे सर्वेक्षण हाती घ्यावयाचे झाल्यास प्रश्न किमान तीन भागांत विभागावे लागतील. त्या देशाविषयी काय वाटते, हा पहिला. त्या देशाशी झालेल्या अमुक एका व्यवहारात आपल्या वाट्याला काय आले, हा दुसरा. तो व्यवहार ठरताना आपणास कोणी विचारले होते काय, हा तिसरा, आणि सर्वाधिक मोलाची सामग्री बहुधा येथेच मिळेल. ‘माहीत नाही’ हे उत्तर रद्दबातल न धरता त्याची स्वतंत्र नोंद घ्यावी आणि ‘सांगितले नाही’ या उत्तरापासून ते वेगळे ठेवावे. प्रश्न विचारण्याच्या वेळेचाही विचार करावा लागेल. खडवलीच्या नदीकाठी रविवारच्या दुपारी, सहलीला आलेल्यांकडून भरून घेतलेली प्रश्नावली आणि त्याच स्थानकाच्या फलाटावर सोमवारी सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलची वाट पाहणाऱ्यांकडून भरून घेतलेली प्रश्नावली एकाच गठ्ठ्यात बांधू नयेत.